जुन्नर परिसरातील श्रेणी आणि विश्वासाची रचना : संगणक प्रणालीच्या आराखड्यासंदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणक प्रणालीचा आराखडा करताना कोणी कोणावर, कोणत्या बाबतीत विश्वास ठेवावयाचा हा मूलभूत प्रश्न असतो. टोरोंटो विद्यापीठातील एरिक यू यांनी १९९५ च्या प्रबंधात मांडलेल्या ‘आय-स्टार’ पद्धतीत संबंधित घटकांचे परस्परावलंबन आकृतीने दाखविले जाते. जो दुसऱ्यावर अवलंबून राहतो त्याला संधीबरोबर जोखीमही पत्करावी लागते, हे तिचे सूत्र आहे. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे प्राचीन श्रेणी-व्यवहाराचा विचार केला आहे.

विवेचन :
नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. मानमोडी डोंगरातील लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या वर्ष ४६ मधील दानाची नोंद आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात ठेवीचा तपशीलच मिळतो. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले : २००० दरमहा शेकडा १ दराने, तर १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज वापरावयाचे होते. २००० वरील वार्षिक व्याज २४० होते. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला गेला.

येथे दाता, श्रेणी, भिक्षुसंघ आणि निगमसभा असे चार घटक दिसतात. विश्वास केवळ श्रेणीच्या सचोटीवर सोडलेला नाही. हिशोब कोणालाही पडताळता यावा इतका स्पष्ट असून नोंद तिसऱ्या घटकाच्या साक्षीने झाली आहे. मात्र श्रेणीने व्याज थकविल्यास उपाय कोणता, हे लेख सांगत नाही. या रचनेची ही मर्यादा होय.

निष्कर्ष :
आज नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारात माल आणणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यासाठी प्रणाली तयार करावयाची झाल्यास हाच प्रश्न उभा राहतो. वजन व दराची नोंद केवळ खरेदीदाराच्या संगणकात राहिली, तर जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून नोंद उभय पक्षांना दिसणे, तिला त्रयस्थाची साक्ष असणे आणि तक्रारीचा मार्ग आराखड्यातच असणे आवश्यक आहे. पहिल्या दोन गोष्टी नाशिकच्या लेखात आहेत. तिसरी पूर्ण करण्याची जबाबदारी आजच्या आराखडाकारांची आहे.