एका सळईची गोष्ट : कॉर्व्हेर आणि वळणावरची जबाबदारी



गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने त्याच्या नव्या गाडीच्या चारही स्प्रिंगा बदलल्या. कंपनीतून आलेल्या कोऱ्या करकरीत स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक बसवल्या, शॉक अॅब्सॉर्बर बदलले, आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक जाडशी सळई लावून घेतली. मी म्हटलं, "अरे, ज्यांनी गाडी बनवली त्यांना हे कळत नव्हतं का?" तो म्हणाला, "काका, कळत होतं. पण त्यांनी सगळ्यांसाठी बनवली, मला माझ्यासाठी हवी होती." आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची दिवाळी या एका वाक्यावर गेली. कारण 'सगळ्यांसाठी' आणि 'माझ्यासाठी' यांतला फरक एकदा फार महाग पडला होता. ती अमेरिकेतली हकिकत आज सांगणार आहे. गाडीचं नाव शेव्हरोले कॉर्व्हेर.

आधी थोडी यंत्राची ओळख करून घेऊ. घाबरू नका, गणित नाही. वळणावर गाडीचं सगळं भांडण चार टायर आणि रस्ता यांच्यात असतं. प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, आणि तो सपाट टेकला तरच पकड राहते. सस्पेन्शनचं काम आपल्याला झोके देणं एवढंच नाही. चाक रस्त्यावर नीट उभं ठेवणं हे त्याचं खरं काम. आता वेग वाढत गेला की कधीतरी पकड सुटणारच. प्रश्न असा, की आधी कुठली सुटणार? पुढची सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि बहुतेक वेळा गाडी सावरते. मागची आधी सुटली तर शेपूट बाहेर पडतं. तिथे घाबरून पाय काढला तर प्रकरण आणखी बिघडतं. म्हणजे एका गाडीत घाबरट माणसाची उपजत प्रतिक्रिया त्याला वाचवते, आणि दुसरीत तीच त्याला खड्ड्यात घालते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागची चाकं स्वतंत्रपणे वरखाली व्हावीत म्हणून एडमंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९०३ साली एक रचना काढली. तिला स्विंग अॅक्सल म्हणतात. मधल्या डिफरन्शियलपाशी दोन्हीकडे एकेक बिजागरी, आणि तिथून चाकापर्यंत गेलेला दांडा. चाक त्या दांड्याला कायम काटकोनात. खर्च कमी, जागा कमी, खड्ड्यातून जायला छान. पण जोरात वळताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, दांडे खाली झुकतात, आणि बाहेरच्या बाजूचं चाक पोटाखाली दुमडू लागतं. टायर मग कडेवर उभा राहतो. पकड एकदम जाते, सूचना न देता.

फोक्सवॅगन बीटलमध्ये हीच रचना होती, जुन्या पोर्शे ३५६ मध्ये होती, आणि मर्सिडीजच्या त्या प्रसिद्ध पंखासारखी दारं असलेल्या ३०० एसएलमध्येसुद्धा होती. आपल्याकडच्या ज्येष्ठांना स्टँडर्ड हेरॉल्ड आठवत असेल, मद्रासला बनायची. तिच्याही मागे हाच स्विंग अॅक्सल, एका आडव्या पाट्यावर टांगलेला. आमच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांकडे ती होती. मागे कोणी बसलेलं नसलं की चाकं आत दुमडल्यासारखी दिसायची. आम्ही त्याला 'उकिडवी बसलेली गाडी' म्हणायचो. त्यात काही धोका असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण तिचा वेगच बेताचा होता.

कॉर्व्हेर ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आली. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं, अॅल्युमिनियमचं सहा सिलिंडरचं इंजिन. त्या काळच्या अवजड अमेरिकन गाड्यांमध्ये ही खरोखर धाडसी कल्पना होती, आणि शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांना तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण इंजिन मागे म्हणजे वजन मागे, आणि मागे स्विंग अॅक्सल. यावर कंपनीने जो तोडगा काढला तो फार मासलेवाईक आहे. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं : पुढच्या टायरमध्ये १५ पौंड हवा भरा, मागच्यात २६ पौंड. पुढची चाकं मुद्दाम ढिली ठेवायची, म्हणजे पुढची पकड आधी सुटेल.

युक्ती चुकीची नव्हती. पण मला सांगा, पंपावर हवा भरणारा मुलगा काय करतो? चारही टायरमध्ये सारखी हवा भरतो, आणि पुढच्यात १५ च दिसली तर आपणहून वाढवून देतो. चांगल्या मनाने! त्या मुलाच्या चांगुलपणाने गाडीचा तोल बिघडत होता, आणि मालकाला पत्ता नव्हता. सुरक्षितता एका आकड्यावर टांगलेली, आणि तो आकडा फारसं कोणी न वाचणाऱ्या पुस्तिकेत.

दुसरा उपाय होता एका सळईचा. पुढच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी सळई, अँटी-रोल बार. गाडी वळणावर कलू लागली की सळईला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. गंमत अशी, की ज्या बाजूला सळई लावाल त्या बाजूच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो, आणि त्या जोडीची एकूण पकड थोडी कमी होते. म्हणजे पुढे सळई लावून तुम्ही पुढची बाजू थोडी बिघडवता, आणि त्यामुळे अख्खी गाडी सुधारते. (माझ्या पुतण्याची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, नाकाने जड, म्हणून त्याने मागे लावली. औषध तेच, रोग उलटा.)

ही सळई सुरुवातीच्या कॉर्व्हेरमध्ये नव्हती. १९६२ पासून ती मिळू लागली, पण मागणी केली तर. ऑर्डरच्या यादीत आरपीओ ६९६ या क्रमांकाखाली : कडक स्प्रिंगा, पुढची सळई, आणि मागचे दांडे फार खाली जाऊ नयेत म्हणून पट्टे. हौशी चालकांसाठीचं ते सामान. कॅलिफोर्नियातली ईएमपीआय ही बाहेरची कंपनी आधी बीटलसाठी आणि मग कॉर्व्हेरसाठी एक आडवा पाटा विकत होती. तो गिअरबॉक्सखालून जाऊन दोन्ही दांड्यांना एकदम खाली झुकू देत नसे. त्याच विचाराची स्प्रिंग पोर्शेने स्वतःच्या सुपर ९० मध्ये घातली होती. मर्सिडीजनेही १९५७ च्या ३०० एसएल रोडस्टरमध्ये बिजागरी खाली आणून वर आडवी स्प्रिंग बसवली होती. म्हणजे रोगही माहीत होता, औषधही माहीत होतं. जनरल मोटर्सच्याच घरात मॉरिस ओली हा वळणावरच्या गाडीचं शास्त्र घडवणारा माणूस होता, आणि त्याने १९५३ मध्येच स्विंग अॅक्सल हा तोट्याचा सौदा असल्याचं लिहून ठेवलं होतं.

आता जॉन फिच या माणसाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण मला तो फार ओढ लावतो. १९५५ च्या ल माँ शर्यतीत ज्या मर्सिडीजचा भयंकर अपघात झाला आणि ८० हून अधिक माणसं गेली, त्या गाडीचा तो दुसरा चालक. पिएर लेव्हेग चालवत होता, फिच आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. पुढे कनेक्टिकटमध्ये त्याने कॉर्व्हेर घेऊन तिचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग सुधारून 'स्प्रिंट' नावाने विकायला सुरुवात केली. अडाणी गाडी नव्हती ती, नीट शिकवली की उत्तम वळायची. फिचच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. शेजारच्या घरातल्या बाईंना, ज्या त्याच गाडीतून मुलांना शाळेत सोडत होत्या, त्यांना ठाऊक नव्हतं.

माझा मुद्दा इथेच आहे. एकच सळई. जाणकाराच्या गाडीत ती हौस, न जाणणाऱ्याच्या गाडीत ती गरज. आणि विकली गेली ती फक्त जाणकाराला. जे. पॅट्रिक राइट यांनी जॉन डेलोरियनच्या आठवणींवरून लिहिलेल्या १९७९ च्या पुस्तकात म्हटलं आहे, की कंपनीत सळईला विरोध झाला तो गाडीमागे १५ डॉलर वाढतात म्हणून. आणि शेव्हरोलेचे नवे प्रमुख बंकी क्नुडसेन राजीनाम्यावर आले तेव्हा मान्यता मिळाली. काही असो, १९६४ साली पुढची सळई आणि मागचा आडवा पाटा सगळ्याच कॉर्व्हेरमध्ये आला, आणि १९६५ साली स्विंग अॅक्सलच गेला. नवी रचना अप्रतिम होती.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, ३० नोव्हेंबरला, राल्फ नेडर या तिशीतल्या वकिलाचं 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. कॉर्व्हेरवर त्यातलं फक्त पहिलं प्रकरण आहे. पुढचं तुम्हाला माहीत असेल : जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबरात वाहन सुरक्षेचा कायदा झाला. कॉर्व्हेर १९६९ मध्ये बंद पडली. तोवर सुमारे १८ लाख गाड्या बनल्या होत्या.

पण गोष्ट संपली नाही. १९७२ मध्ये सरकारच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेने १९६३ ची कॉर्व्हेर त्या काळच्या इतर गाड्यांशी ताडून पाहिली आणि सांगितलं, की ती इतरांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती. कॉर्व्हेरप्रेमी आजही हा अहवाल नाचवतात.

इथे मला न्यायशास्त्र आठवतं. नैयायिक सगळ्या कारणांतून असाधारण कारण वेगळं काढतात, त्याला करण म्हणतात. १९७२ चा अहवाल एवढंच म्हणतो, की कॉर्व्हेरचा दोष असाधारण नव्हता. तसल्या गाड्या पुष्कळ होत्या. मान्य. पण नेडरचा खरा प्रश्न तो नव्हताच. तो विचारत होता, उपाय माहीत असताना तो मागणाऱ्यालाच का दिला? 'बाकीचेही असंच करत होते' हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. कंपनीची बाजू अशी, की पुस्तिकेत लिहिलं होतं, चालकाने वाचायला हवं होतं. अज्ञान ही सबब नाही हे मलाही पटतं, पण कुठलं अज्ञान? गाडी घेणाऱ्याने रस्त्याचे नियम जाणावेत ही अपेक्षा रास्त आहे. त्याने दांड्याची बिजागरी आणि चाकाचा कल जाणावा, ही नाही. नेडरनेही अतिशयोक्ती केली, असं माझं मत आहे; त्याच्या लिखाणात गाडी जणू खुनीच होऊन जाते. तरी प्रश्न त्याचा बरोबर होता.

हेरॉल्डचं काय झालं? इंग्लंडमध्ये तिच्या भावंडांना, म्हणजे स्पिटफायर वगैरे खेळकर गाड्यांना, १९७० च्या सुमारास सुधारलेला पाटा मिळाला, ज्याच्या वरच्या पानांना मध्ये फिरायची मोकळीक होती. आपल्याकडे मद्रासवाल्यांनी १९७२ च्या गॅझेलमध्ये स्विंग अॅक्सल सरळ काढूनच टाकला आणि साधा अखंड अॅक्सल घातला. आमचे प्राध्यापक तोवर स्कूटरवर आले होते.

आणि फिच? परदेशात महामार्गाच्या फाट्यावर, पुलाच्या खांबापुढे, वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिंपं रांगेत ठेवलेली तुम्ही पाहिली असतील. गाडी आदळली की पिंपं फुटतात, वाळू उडते, आणि गाडी हळूहळू थांबते. ती कल्पना फिचची. तिचा उपयोग व्हायला चालकाला काहीही माहीत असावं लागत नाही. २०१२ साली तो गेला, पंचाण्णव वर्षांचा होऊन.

वेळ झाली, चिठ्ठी आली आहे. पुतण्या मागच्या रांगेत बसला आहे. स्प्रिंगांबद्दलचे प्रश्न कृपया त्याला विचारा, बाकीचे मी घेतो.