वेदीची शोभा वाढविणारी फुले : परिचय आणि निगा

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हे नागपूर–रायपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. मोठ्या शहराच्या फूलबाजारापासून दूर असलेल्या अशा ठिकाणी फुलांची निवड करताना रूप आणि सुगंध यांच्याइतकाच टिकाऊपणा महत्त्वाचा ठरतो. शनिवारी सायंकाळी रचलेल्या फुलांनी रविवारच्या मिस्सेपूर्वीच माना टाकल्या, तर भाविकांचा पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणून प्रचलित फुलांचे गुणधर्म जाणून घेणे उपयुक्त आहे.

गुलाब : रंग, सुगंध आणि पाकळ्यांची रचना यांमुळे सर्वाधिक लोकप्रिय. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे परिसरात हरितगृहांमध्ये लांब दांड्याचा गुलाब पिकतो व फेब्रुवारीत परदेशीही जातो. बाहेरच्या पाकळ्या नुकत्याच सुटू लागलेली कळी घ्यावी. गुलाबाने मान टाकल्यास दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा कापावे. आत अडकलेली हवा निघून पाणी वर चढू लागते.

निशिगंध : गुलछडी या नावानेही परिचित असलेले हे फूल मूळचे मेक्सिकोचे. पांढराशुभ्र रंग आणि सायंकाळी दरवळणारा सुगंध ही त्याची ओळख. एकेरी जातीची सुटी फुले हारांसाठी, तर दुहेरी जातीच्या छड्या फुलदाणीसाठी अधिक वापरतात.

ग्लॅडिओलस : याच्या बहुतेक जाती मूळच्या आफ्रिकेतील. छडीवरील फुले खालून वर क्रमाने उमलतात. त्यामुळे खालच्या एक-दोन कळ्यांवर रंग दिसू लागलेली छडी घेतल्यास शोभा अनेक दिवस टिकते. सुकलेली फुले खुडत जावे.

जरबेरा : दक्षिण आफ्रिकेतून आलेले, ठसठशीत रंगांचे फूल. सुगंध नसला तरी दुरून उठून दिसते. त्याचा दांडा लवदार व मऊ असल्याने खोल पाण्यात कुजतो. फुलदाणीत चार-पाच बोटेच पाणी ठेवावे.

शेवंती : मूळची चीनची. थंडीच्या दिवसांत भरभरून येते व चांगली टिकते. युरोपातील अनेक देशांत नोव्हेंबरच्या प्रारंभी, मृतांच्या स्मृतिदिनी, कबरींवर शेवंती वाहण्याची प्रथा आहे.

झेंडू : हाही मेक्सिकोचाच. परंतु दसरा-दिवाळीमुळे तो महाराष्ट्रात घरचाच झाला आहे. अंगणात सहज येणारा, स्वस्त आणि काटक असा झेंडू तोरणांसाठी उत्तम. पूर्ण उमललेलेच फूल तोडावे.

कमळ : भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश असल्याने येथील परिचयाचे फूल. पाकळ्या लवकर गळतात, म्हणून ते एका दिवसाच्या सणापुरतेच योजावे.

निगा कशी राखावी?

फुले पहाटे किंवा सायंकाळी तोडावीत. धारदार सुरीने दांडा तिरपा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे. पाण्यात थोडी साखर व लिंबाच्या रसाचे काही थेंब घातल्यास फुलाला पोषण मिळते आणि पाणी लवकर नासत नाही. फुलदाणी पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवू नये. पिकलेल्या केळ्यांजवळही ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे अनेक फुले लवकर कोमेजतात.

उपासनेतील मर्यादा

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३०५ व्या परिच्छेदानुसार पुष्परचना संयमित असावी आणि ती वेदीवर न ठेवता वेदीच्या सभोवती असावी. आगमनकाळात नाताळचा पूर्ण आनंद आधीच प्रकट होईल अशी सजावट करू नये. उपवासकाळात वेदी फुलांनी सजविण्यास मनाई आहे. चौथा रविवार, महोत्सव आणि सण हे त्याला अपवाद होत.

या संयमामुळे छोट्या धर्मग्रामांचीही सोय होते. नाताळला थंडीत शेवंती आणि झेंडू विपुल असतात. ईस्टर मात्र विदर्भातील उन्हाच्या तोंडावर येतो. त्या वेळी दुरून महागड्या फुलांचे ढीग आणण्यापेक्षा मोजक्या छड्या आदल्या सायंकाळी पाण्यात ठेवून पहाटे रचाव्यात आणि त्यांना परसातल्या हिरव्या पानांची जोड द्यावी. अंगणातला ताजा झेंडू हा कोमेजलेल्या गुलाबापेक्षा वेदीला अधिक शोभतो.