घाटातील सायकल शर्यतींचे प्रेक्षक

अनेक टप्प्यांच्या रस्ता-सायकल शर्यतीतील डोंगराळ टप्पे पाहण्यासाठी घाटरस्त्यांच्या कडेला जमणारा, तसेच शर्यतीचा दिवसेंदिवस मागोवा घेणारा प्रेक्षकवर्ग हा या खेळाचा अविभाज्य घटक मानला जातो. या खेळाला मैदान नाही, तिकीट नाही आणि राखीव आसनही नाही. स्पर्धक ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्यावर प्रेक्षक उभे असतात व कित्येकदा दोघांत हातभरही अंतर उरत नाही. फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' (१९०३ पासून), इटलीतील 'जिरो दिताल्या' (१९०९ पासून) आणि स्पेनमधील 'व्हुएल्ता' (१९३५ पासून) या तीन मोठ्या शर्यतींत ही परंपरा विशेष रुजली आहे. महाराष्ट्रात तिचे सर्वांत जुने परिचित रूप मुंबई-पुणे सायकल शर्यतीत, बोरघाटाच्या चढावर दिसते.

घाटच का?

सपाटीवर स्पर्धकांचा जथा ताशी ४५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जातो. पुढच्याच्या आडोशाने मागच्याला वारा कमी लागतो, म्हणून सारे एकमेकांना चिकटून चालतात. रस्त्याकडेच्या माणसाला अर्ध्या मिनिटात रंगांचा एक पट्टा सरकून गेलेला दिसतो, एवढेच. घाटात वेग निम्म्याहून खाली येतो, आडोशाचा लाभ घटतो आणि जथा फुटतो. आघाडीचा स्पर्धक गेल्यानंतर शेवटचा येईपर्यंत अर्धा तासही लोटू शकतो. प्रत्येकाचा चेहरा, दम आणि थकवा जवळून दिसतो. घाटाला गर्दी होण्याचे खरे कारण हे आहे. निसर्गशोभा हे दुय्यम.

दुसरे कारण गुणपद्धतीत आहे. टप्प्यांच्या शर्यतीत रोजच्या वेळांची बेरीज होते व सर्वांत कमी बेरीज असलेला विजयी ठरतो. सपाट टप्प्यावर बहुतेकांना सारखीच वेळ मिळते, घाटात मात्र मिनिटांचे अंतर पडते. त्यामुळे तीन आठवड्यांची शर्यत अनेकदा दोन-तीन चढांवरच ठरते. विजेत्याच्या वेळेनुसार ठरणाऱ्या कालमर्यादेत न पोहोचणारा स्पर्धक बाद होतो. म्हणून मागे पडलेले एकत्र येऊन, एकमेकांना सांभाळत चढतात. फ्रान्समध्ये या घोळक्याला विनोदाने 'बस' म्हणतात. जाणता प्रेक्षक ही 'बस' गेल्याशिवाय जागा सोडत नाही.

वृत्तपत्र आणि वाचक

तूर द फ्रान्सचा पहिला अनुयायी प्रेक्षक नव्हता, वाचक होता. 'लोतो' या क्रीडा दैनिकाने आपला खप वाढवण्यासाठी १९०३ साली ही शर्यत सुरू केली. संपादक होते आंरी देग्रांज. पहिल्या वर्षी ६ टप्पे व सुमारे २,४२८ किलोमीटर अंतर होते आणि मोरिस गारँ विजयी झाला. दैनिक पिवळ्या कागदावर छापले जाई. आघाडीवीराला १९१९ पासून मिळू लागलेल्या पिवळ्या जर्सीचा रंग त्यावरून आला, असे सांगितले जाते. पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड १९१० मध्ये आणि आल्प्समधील गालिबिए खिंड १९११ मध्ये मार्गात आली. डोंगरातील कामगिरीसाठी वेगळे पारितोषिक १९३३ पासून, तर त्याची लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी १९७५ पासून दिली जाते.

प्रेक्षकाने किती जवळ यावे, हा प्रश्न याच काळात उभा राहिला. १९०४ च्या शर्यतीत सेंत-एतिएनजवळच्या चढावर रात्रीच्या अंधारात एका स्थानिक स्पर्धकाच्या समर्थकांनी गारँ व इतरांवर हल्ला केला. १९१३ मध्ये याच्या नेमके उलट घडले. तूरमाले उतरताना उजेन क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल घेऊन तो पायी सेंत-मारी-द-कांपाँ या गावी पोहोचला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने तो स्वतःच जोडला, कारण बाहेरची मदत घेण्यास नियमाने मनाई होती. जमलेले गावकरी केवळ पाहत राहिले. भात्याला हात लावला तो एका लहान मुलाने, आणि तेवढ्यासाठी क्रिस्तॉफला दंडाचा वेळ भरावा लागला. इतक्या कडक नियमाचा खेळाला काय लाभ झाला, हे सांगणे अवघड आहे. त्या गावाला मात्र कायमची ओळख मिळाली.

आल्प द्युएझ

२१ वळणांचा व सुमारे १४ किलोमीटरचा हा चढ १९५२ मध्ये प्रथम शर्यतीत आला व फाउस्तो कॉप्पीने तो टप्पा जिंकला. १९७६ ते १९८९ या काळात डच स्पर्धकांनी येथे आठ वेळा विजय मिळवला. तेव्हापासून सातवे वळण 'डच वळण' म्हणून ओळखले जाते. स्वतःच्या देशात डोंगर नसलेल्या लोकांनी परक्या देशातील घाट आपलासा करावा, हा या खेळातील एक गमतीदार योग होय. नारिंगी कपडे घातलेले प्रेक्षक काही दिवस आधीच वाहने व तंबू घेऊन येथे मुक्काम ठोकतात. शर्यतीपूर्वी काही तास रस्ता वाहनांसाठी बंद होतो, मग भेटवस्तू उधळणारा जाहिरातदारांचा ताफा जातो (ही प्रथा १९३० ची) आणि त्यानंतर स्पर्धक येतात.

जवळीक आणि अपघात

१९७५ मध्ये प्वी द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. त्या वर्षी मर्क्सला विजेतेपद मिळाले नाही. १९९९ मध्ये आल्प द्युएझवर छायाचित्र घेण्यासाठी मध्ये आलेल्या एकाने जुझेप्पे ग्वेरिनीला पाडले, तरीही ग्वेरिनी उठून टप्पा जिंकला. २०१८ मध्ये त्याच चढावर विन्चेन्झो निबाली पडला, त्याच्या मणक्याला इजा झाली व त्याला शर्यत सोडावी लागली. २०१६ मध्ये माँ वाँतूवर गर्दीने रस्ता अडल्यामुळे मोटरसायकल थांबली, तिच्यावर स्पर्धक आदळले आणि पिवळ्या जर्सीतील ख्रिस फ्रूम सायकलविना चढावर धावत सुटला. सोसाट्याच्या वाऱ्यामुळे त्या दिवशी अंतिम रेषा खाली आणली होती. त्यामुळे शिखरावरची गर्दीही खालच्या भागात दाटली होती, हे पुष्कळदा विसरले जाते.

यावर उपाय म्हणून माथ्याजवळच्या अंतरात लोखंडी कठडे लावतात. संपूर्ण घाटाला कठडे लावणे शक्य नसते. तसे केल्यास या खेळाचे वेगळेपणही राहणार नाही. म्हणून उरलेला भार प्रेक्षकाच्या संयमावर पडतो. रस्त्याच्या आत न येणे, स्पर्धकाबरोबर न धावणे, न ढकलणे, कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता न ठेवणे आणि कुत्रे बांधून ठेवणे एवढ्याच अपेक्षा असतात. ढकलणारा बहुधा मदतीच्या भावनेने ढकलतो, परंतु दमलेल्या माणसाचा तोल त्यानेही जातो.

महाराष्ट्रात

मुंबई-पुणे शर्यत एका दिवसाची आहे, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती टप्प्यांची शर्यत नव्हे. परंतु खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची गाठणाऱ्या बोरघाटात आघाडीवर राहणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची प्रथा म्हणजे ठिपक्यांच्या जर्सीचेच मराठी भावंड होय. अंतिम विजेत्याइतकेच कौतुक या राजाच्या वाट्याला येते. द्रुतगती मार्गावर सायकलींना प्रवेश नाही आणि घाटाच्या काही भागात जुना व नवा रस्ता एकत्र येतो; त्यामुळे तेथे शर्यतीसाठी वाहतूक थोपवणे सोपे नाही.

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही प्रास्ताविक फेरी व चार टप्प्यांची, एकूण ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. मुळशी, मावळ, पुरंदर आदी तालुक्यांतून तिचा मार्ग गेला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या वर्गवारीत ती '२.२' दर्जाची होती. यातील पहिला अंक अनेक टप्पे व दुसरा श्रेणी दर्शवतो. घाटात दुतर्फा उभे राहणे या भागाला नवे नाही. दिवे घाटात पालखी चढताना पाहायला दरवर्षी लोक जमतातच. मात्र तेथे चालणाऱ्यांत सामील होता येते, शर्यतीत येत नाही.

नाशिक

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून मुंबईकडे कसारा घाट (थळ घाट) व पेठकडे सावळ घाट हे चढ-उतार आहेत. शहराचे नाव मात्र वेगळ्या प्रकारच्या शर्यतीने गाजले. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. तिच्या मार्गात ३,३०९ मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड लागते. या शर्यतीत टप्पे नसतात, घड्याळ रात्रीही थांबत नाही आणि रस्त्याच्या कडेला प्रेक्षक क्वचितच असतात. सोबतच्या वाहनातील साहाय्यक पथक हाच काय तो जवळचा साक्षीदार. इतर सर्वजण संगणकाच्या नकाशावर सरकणारा ठिपका पाहून शर्यतीचा मागोवा घेतात.