परदेशातला आधुनिक इतिहास आणि मराठी कागद

आधुनिक इतिहास शिकण्यासाठी परदेशी विद्यापीठात जाणे ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही तिच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांच्या पलीकडे जात नाही. तिथे गेलेला विद्यार्थी नेमके काय वाचतो, कोणत्या भाषेत वाचतो आणि त्या वाचनातून आपल्या भूतकाळाचे कोणते रूप तयार होते, हे प्रश्न इतिहासवाल्यांवर सोपवून साहित्याचे अभ्यासक मोकळे होतात. आमच्या मते ते त्यांचेही प्रश्न आहेत.

प्रथम 'आधुनिक' या शब्दाकडे पाहू. इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने १७२४ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे आधुनिक इतिहासाचे प्राध्यापकपद निर्माण केले. त्यामागे ज्ञानोपासनेपेक्षा राज्यकारभाराची निकड अधिक होती. वकिलातींत आणि सरकारी कामांत उपयोगी पडतील असे तरुण हवे होते. म्हणून या प्राध्यापकाने आधुनिक युरोपीय भाषा शिकवणारे शिक्षक पदरी ठेवावेत, अशी अटच घातलेली होती. आधुनिक इतिहास आणि जिवंत भाषा यांची ही जोडी पुढे फुटली, पण ती मुळात होती हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑक्सफर्डमध्ये १८७२ साली आधुनिक इतिहासाची स्वतंत्र शाखा झाली, तेव्हा 'आधुनिक' म्हणजे रोमच्या पाडावानंतरचे सगळे, असा हिशेब होता. त्या काळी तिथे हे पद भूषविणारे विल्यम स्टब्ज यांची सारी कीर्ती मध्ययुगीन इंग्लंडच्या सनदांवर उभी आहे. आधुनिक इतिहासाचा विद्यार्थी बाराव्या-तेराव्या शतकातले लॅटिन कागद वाचत बसे आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नसे.

आपल्याकडे हा शब्द आला तो मात्र राजवटीच्या बदलाला चिकटून. भारताचा आधुनिक काळ कधी १७०७ पासून, कधी १७५७ पासून आणि महाराष्ट्राचा १८१८ पासून, अशी अभ्यासक्रमांची विभागणी असते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले; त्याच्या आदल्या दिवशी पुणे मध्ययुगात होते, असेच जणू आपण पोरांना शिकवतो. या रेषेबरोबर एक दुसरी रेषाही नकळत ओढली जाते. अलीकडचे कागद मोडीतले, मराठीतले, म्हणून मध्ययुगीन; पलीकडचे कागद इंग्रजीतले, म्हणून आधुनिक. वस्तुतः मोडी विसाव्या शतकातही गावच्या दप्तरांत, वह्यांत आणि खासगी पत्रांत लिहिली जात होती. प्राची देशपांडे यांचा 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' हा २०२३ सालचा ग्रंथ लेखनव्यवहाराच्या इतिहासातून ही मोडीची गोष्ट सांगतो. पण आधुनिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी यायला हवी असे आजही फारसे कुणाला वाटत नाही. आमच्या मते पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ इथे आहे.

परदेशी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची इतिहासाची बाजू सहसा कुणी पाहत नाही. भीमराव आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते अर्थशास्त्रासाठी. परंतु त्यांनी तिथे इतिहासाच्या अभ्यासक्रमांचीही मोठी संख्या पुरी केली. पुढे १९३० साली आपल्या थोर अध्यापकांची नावे सांगताना त्यांनी ड्युई आणि सेलिग्मन यांच्या बरोबरीने जेम्स हार्वी रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल या दोन इतिहासकारांचा उल्लेख केला. रॉबिन्सन यांचे 'द न्यू हिस्टरी' हे पुस्तक १९१२ सालचे, म्हणजे आंबेडकर पोचण्याच्या आदल्याच वर्षीचे. राजे, लढाया आणि तह यांच्या जंत्रीतून इतिहासाने बाहेर पडावे, मानवशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांचे साहाय्य घ्यावे आणि वर्तमानातल्या प्रश्नांना भिडावे, असा त्या पुस्तकाचा आग्रह होता. मे १९१६ मध्ये आंबेडकरांनी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. जात ही अनादि वस्तू नसून ती घडत गेली, तिच्या घडण्याची एक यंत्रणा आहे आणि ती शोधता येते, ही त्या निबंधाची भूमिका. ती सर्वस्वी रॉबिन्सन यांच्याकडून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अस्पृश्यतेचा अनुभव कुणी वर्गात शिकवत नाही. पण जे भोगले त्याच्याकडे घडत गेलेली गोष्ट म्हणून पाहण्याचे बळ अंतरातून मिळते. परदेशी शिक्षणाचे समर्थन करायचे तर आम्ही या निबंधापासून सुरुवात करू.

आता दुसरी बाजू. लंडनला गेलेल्या अभ्यासकाला जे भांडार खुले होते ते इंडिया ऑफिसचे. १९८२ पासून ते ब्रिटिश लायब्ररीकडे आहे, आणि त्याची कपाटे ओळीने मांडली तर सुमारे चौदा किलोमीटर भरतील असे सांगतात. मुंबई इलाख्याच्या कारभाराच्या छापील कार्यवाह्यांच्या प्रती लंडनला जात, त्यामुळे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या दप्तरखान्यात ज्या कागदासाठी खेटे घालावे लागतात, तोच लंडनमध्ये तुलनेने सहज टेबलावर येतो. या सोयीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण या भांडारातला एक प्रकार साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा: देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक गोपनीय अहवाल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारच्या भाषांतर खात्यातली माणसे मराठी, गुजराती, कानडी पत्रे वाचत, सरकारला दखलपात्र वाटेल तेवढा मजकूर निवडत आणि त्याचा इंग्रजी गोषवारा करत. राजद्रोहाचा वास जिथे येई तो भाग सविस्तर उतरे. लग्नखर्चावरचे, विटाळावरचे, नाटकावरचे, गावच्या भांडणावरचे लेखन गळे वा दोन ओळींत आटोपे. उपरोध तर भाषांतरात टिकतच नसे. या अहवालांवर पुढे कित्येक प्रबंध लिहिले गेले. मूळ अंक नष्ट झालेल्या पत्रांच्या बाबतीत हा गोषवारा हाच एकमेव पुरावा उरतो, हे खरे. पण जिथे मूळ अंक पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत उपलब्ध होते, तिथेही सोय म्हणून गोषवारा वाचला गेला, आणि सरकारी भाषांतरकाराची निवड हाच मराठी लोकमताचा आवाज ठरला.

केंब्रिजच्या ज्या इतिहासकारांना पुढे 'केंब्रिज संप्रदाय' असे नाव पडले, त्यांच्या लेखनाकडे या दृष्टीने पाहावे. अनिल सील यांचे राष्ट्रवादाच्या उदयावरील पुस्तक १९६८ चे. गॉर्डन जॉन्सन यांचे मुंबई प्रांत आणि काँग्रेस यांवरील १९७३ चे. ही पुस्तके हुशार आहेत, कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर आहेत, आणि टिळक-गोखल्यांच्या काळातले डावपेच त्यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी उलगडले आहेत. पण ती वाचताना माणसे फक्त जागा, सत्ता आणि लाभ यांसाठी हलतात असे वाटत राहते. तपन रायचौधुरी यांनी १९७९ साली या दृष्टीवर कठोर टीका केली, ती गाजली. आम्हांला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की हा दोष केवळ दृष्टीचा नव्हता, कागदांचाही होता. कारभाऱ्यांच्या टिपणांत कारभारच दिसणार. सरकारी अधिकारी पुढाऱ्यांविषयी जे लिहीत ते पुढारी कुणाशी मिळालेले आहेत आणि काय मागत आहेत याविषयी; त्यांनी भाषणात कोणता दृष्टान्त दिला आणि सभा का हसली, याविषयी नव्हे.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळा प्रयोग चालू होता, आणि त्याची कारणे काही फार उदात्त नव्हती. १९५८ सालच्या संरक्षण-शिक्षण कायद्याने तिथल्या विद्यापीठांना आशियाई भाषा शिकवण्यासाठी पैसा मिळू लागला. शीतयुद्धात त्या भाषा उपयोगी पडतील हा हिशेब. शिवाय पीएल ४८० कराराखाली भारताने जो गहू घेतला त्याची किंमत रुपयांत जमा होत होती. १९६२ पासून त्या रुपयांतून भारतीय पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवण्याची योजना सुरू झाली. रेशनच्या रांगेत त्या गव्हाला नावे ठेवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते की त्याच्या मोबदल्यात मराठी कादंबऱ्या, चरित्रे आणि नियतकालिके सातासमुद्रापार जात आहेत. असो.

या व्यवस्थेच्या काळात एलिनॉर झेलियट मराठी समाजाकडे वळल्या. महार चळवळीवरचा त्यांचा पेनसिल्व्हानिया विद्यापीठातला प्रबंध १९६९ चा. गेल ऑमव्हेट यांनी बर्कलेला सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर काम केले, ते १९७६ साली ग्रंथरूपाने आले. पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी कायमच्या राहिल्या आणि २०२१ साली तिथेच वारल्या. ज्यांना इंग्रजी अहवालांत 'किरकोळ जातीय कुरबुर' एवढीच जागा होती, त्या माणसांची पत्रके, जलसे, वृत्तपत्रे या दोघींनी पुरावा म्हणून हाताळली. ब्रिटनमध्येही हे घडले. रोझलिंड ओ'हॅन्लन यांचा फुल्यांवरील ग्रंथ १९८५ साली केंब्रिज विद्यापीठाच्याच मुद्रणालयाने काढला. १८६९ चा शिवाजीचा पवाडा, १८७३ ची 'गुलामगिरी' या कृती त्या वाचतात त्या रचना म्हणून: बळीराजाची कथा फुले कुठे उलटवतात, परशुरामाच्या गोष्टीचा अर्थ कसा फिरवतात, सणावारी बायकांच्या तोंडी असलेल्या बळीच्या आठवणीला पुराव्याचा दर्जा कसा देतात. हे वाचन साहित्यसमीक्षकाचे आहे, आणि त्यातूनच इतिहास निघाला आहे. तेव्हा केंब्रिज वाईट आणि अमेरिका चांगली असा सरळ निवाडा करता येत नाही. कुणी काय वाचले, एवढाच फरक उरतो.

राजनारायण चंदावरकर यांचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. मुंबईच्या गिरणी कामगारांवरचा त्यांचा १९९४ चा ग्रंथ केंब्रिजमध्येच घडला, आणि गिरणगावाचे मोहल्ले, मुकादम, खोल्या, संप यांचा इतका भरीव इतिहास दुसरा नाही. पण कामगार स्वतः काय बोलत होता, हे ऐकायचे तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावात फिरून गोळा केलेल्या शंभर आवाजांच्या पुस्तकाकडे जावे लागते. ते २००४ चे. आणि त्याला दीर्घ प्रस्तावना आहे ती चंदावरकरांचीच. पुढे दोनच वर्षांनी ते गेले.

याच २००४ सालाच्या आरंभी, ५ जानेवारीला, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. कारण जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाचे शिवाजीविषयीचे २००३ सालचे पुस्तक, ज्याच्या ऋणनिर्देशात या संस्थेचा उल्लेख होता. पुस्तक इंग्रजीत होते, प्रकाशकाने ते आधीच भारतात मागे घेतले होते, आणि मराठीत पोचला होता तो त्यातला एक-दोन वाक्यांचा मजकूर. ती वाक्ये गैर होती असे आम्हीही मानतो; हल्ल्याचे समर्थन त्यामुळे होत नाही. पण या प्रकाराकडे पाहताना आम्हांला ते गोपनीय अहवाल आठवतात. तेव्हा मराठीतला निवडक उतारा इंग्रजीत जाई आणि त्यावरून सरकार कारवाई करी. आता इंग्रजीतला निवडक उतारा मराठीत आला आणि त्यावरून जमाव चालून गेला. संपूर्ण पुस्तक दोन्ही वेळा बाजूलाच राहिले. शिवाजीच्या कथा आधुनिक काळात कशा रचल्या गेल्या, हा त्या पुस्तकाचा खरा विषय. तो बरोबर मांडला की चूक, याची मराठीत चर्चा व्हायला हवी होती. ती झालीच नाही म्हटले तरी चालेल.

आज मराठी घरातून थेट गेलेले अभ्यासक तिथे अध्यापन करीत आहेत. शैलजा पाईक या पुण्याच्या येरवड्यात वाढल्या, वॉरिक विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि सिनसिनाटी विद्यापीठात त्या इतिहास शिकवतात. तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा त्यांचा 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हा ग्रंथ २०२२ चा. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. या ग्रंथाचा एक भाग 'अश्लील', 'अस्सल', 'माणुसकी' या मराठी शब्दांभोवती फिरतो. हे शब्द शीर्षकात इंग्रजी होतात, पण विवेचनात ते मराठीच राहतात, आणि त्यांच्यावरच युक्तिवादाचा भार असतो. आपल्याकडे तमाशा साहित्य विभागात 'लोककला' म्हणून शिकवला जातो. इतिहास विभागात तो नसतोच.

परदेशात प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शेवटी एक शब्दसूची जोडावी लागते. 'वतन', 'बलुते', 'गावकी', 'हक्क', 'मान'. प्रत्येकापुढे इंग्रजी चार-पाच शब्द. 'वतन' म्हणजे वंशपरंपरागत अधिकार, असे लिहून तो पुढे जातो. महारवतनासाठी भांडलेली माणसे आणि तेच वतन सोडून देण्यासाठी, कायद्याने रद्द करण्यासाठी झगडलेले आंबेडकर, या दोहोंच्या तोंडी तो एकच शब्द होता, आणि त्याचे दोन अर्थ त्या चार-पाच शब्दांत मावत नाहीत. त्याला जागा हवी तर ती प्रबंधाच्या मुख्य मजकुरात करावी लागते, परीक्षकाला मराठी येत नसताना करावी लागते, आणि त्यासाठी तो विद्यार्थी इथून निघतानाच तसे वाचायला शिकलेला असावा लागतो. ते शिकवण्याचे काम तिकडचा इतिहास विभाग करणार नाही.