खेळयंत्रातील दडलेले स्वर

मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी आणि तारेखाली सरकविलेला सुती दोरा ही बेळगाव-निपाणीकडील भजनी मंडळींच्या रोजच्या परिचयाची. दोरा केसभर हलला की तार तीच, स्वर तोच. पण जवारी खुलते आणि सभामंडप नादाने भरून जातो. नाद वाढविणारी अशी योजना वाद्याच्या अंगातच असते, बाहेरून जोडावी लागत नाही. मुलांच्या खेळण्यांतही एकदा असेच घडले होते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसावे.

टीव्हीला जोडावयाच्या व्हिडिओ गेमचा तो प्रारंभीचा काळ. जपानच्या सेगा कंपनीने १९८५ साली 'मार्क थ्री' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यातील चिप तीन साधे स्वर आणि एक खरखर, एवढेच काय ते एका वेळी काढू शके. १९८७ साली कंपनीने त्यास जोडण्यासाठी एक निराळी ध्वनिपेटी विकावयास काढली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानात निघालेल्या 'मास्टर सिस्टिम' यंत्राच्या पोटातच ती सोय करून टाकली. आत यामाहाची चिप होती. एका लहरीने दुसरीची कंपनगती सतत बदलती ठेवावी म्हणजे निराळाच नाद उमटतो, हे तत्त्व अमेरिकेत जॉन चाउनिंग यांस १९६७ साली गवसले होते. यामाहाने त्याचा परवाना घेऊन ते आपल्या वाद्यांत आणले. या लहानशा चिपेत एकाच वेळी नऊ स्वर, किंवा सहा स्वर व पाच तालवाद्ये वाजत.

यातील खरी गंमत पुढेच आहे. यंत्र सुरू होताच कॅसेटमधील आज्ञावली ही चिप हजर आहे काय याची चौकशी करी. असल्यास भरदार संगीत, नसल्यास जुनेच किरटे. युरोप-अमेरिकेत गेलेल्या यंत्रांत ही चिप बसविलीच नाही. तिकडे विकलेल्या काही कॅसेटींत ते संगीत जसेच्या तसे लिहिलेले राहिले. तथापि त्यास वाजविणारे यंत्र घरात नसल्यामुळे मुलांच्या कानी ते कधी पडलेच नाही. पोथी घरात आहे, वाचणारा नाही, तशातला हा प्रकार!

निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम'ची तऱ्हा याहून वेगळी होती. यंत्राचा आवाज कॅसेटमधून फिरून टीव्हीकडे जाई. म्हणून कॅसेटीतच जादा चिप घालून त्यात भर टाकता येई. कोनामी कंपनीच्या १९८९ सालच्या 'अकुमाजो देन्सेत्सु' या खेळाच्या कॅसेटीने असे तीन स्वर वाढविले होते. परदेशी आवृत्तीत ते गळाले.

आमच्या निपाणीस १९९० नंतर जी यंत्रे आली ती या फॅमिकॉमचीच नक्कल. कोल्हापूरहून कोणी आणीत, कोणी बेळगावहून. सुटीत शेजारची सारी मुले एका टीव्हीपुढे दाटीने बसत. अशा पुष्कळशा नकली चिपांत एक चूक राहून गेली होती. मूळ चिप आवाजाच्या लहरीस चार निरनिराळे आकार देऊ शकते. त्यांपैकी दोहोंची येथे अदलाबदल झालेली. सूर तेच राहिले, आवाजाचा पोत तेवढा पालटला. जाड आवाज चिरका झाला आणि चिरका जाड. नादवर्धन तर दूरच, हे चक्क नादांतर होय!

आज संगणकावर या सर्व चिपांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात आणि हौशी मंडळी परदेशी मास्टर सिस्टिममध्ये ती यामाहाची चिप मागाहून बसवूनही घेतात. मध्यंतरी भाच्याने मला मूळ जपानी यंत्रातील 'मारिओ'चे संगीत ऐकविले. ते शुद्ध होते यात शंका नाही. तरी ऐकता ऐकता मन सारखे म्हणत राहिले, हा आवाज आपला नव्हे. माळ्यावरच्या त्या जुन्या यंत्राचा तोच खरा.