आप्पांचा प्रश्न

मागच्या नोव्हेंबरात आप्पा, म्हणजे माझे वडील, लुसैलला आले होते. आल्या-आल्या मी त्यांना मोठ्या अभिमानाने सायकल ट्रॅक दाखवायला नेलं. इथल्या मंडळींना हा ठाऊक आहेच, पण भारतात अंक वाचणाऱ्यांसाठी सांगतो. दोह्याच्या गोल्फ क्लबजवळ सुरू होऊन आमच्या लुसैलच्या बाजूने थेट अल खोरपर्यंत जाणारा हा ट्रॅक ३२.८६९ किलोमीटर लांब आहे. जगातला सर्वांत लांब सलग सायकलमार्ग म्हणून २०२० मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सात मीटर रुंद, रात्री दिवे, खड्डा शोधून सापडणार नाही. आप्पांनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "रस्ता झकास आहे. पण ह्यावरनं माणसं जातात कुठं?"

"कुठं नाही आप्पा. अल खोरपर्यंत जातात आणि परत येतात."

"म्हणजे व्यायाम," आप्पा म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला, पण पुढचे काही शुक्रवार मी आप्पांना प्रश्न विचारण्यात आणि जुनं वाचण्यात घालवले.

आप्पा १९७४ साली वाईहून पुण्याला शिकायला आले. खोली कोथरूडच्या टोकाला, कॉलेज गावात. काकांनी जुनी सायकल दिली, ती पुढे सहा वर्षं चालली. शिकवण्या, खानावळ, लायब्ररी, दवाखाना, सगळं तिच्यावरच. आप्पांचा हिशोब सोपा होता. बसचे पैसे वाचले तर महिन्याचं तेल-साबण निघतं. सायकलला पालिकेचा बिल्ला लावायचा, डबलसीट बसायचं नाही, अंधार पडला की दिवा हवा. नाहीतर चौकात पोलीस उभा. "डबलसीट कधी पकडलं का?" मी विचारलं. "दोनदा. दोन्ही वेळा मागं बसणारा आधीच उडी मारून पळाला." (तो पळपुटा म्हणजे माझे मामा, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळतंय!)

त्याआधीचं पुणं तर पायीच चालायचं. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज आटोपलं की पायी हिंगण्याला आणि सकाळी पायी परत. पावसाळ्यात चिखल तुडवत. त्यांच्या मुलींचं शिक्षण त्या पायपिटीवर उभं राहिलं. आज त्याच रस्त्यावर सिग्नलला मिनिटामिनिटाने गिअर बदलताना हे कुणाच्या मनात येत असेल असं वाटत नाही.

पुण्याची सायकल मोडली कुणी? गंमत अशी की पुण्यानेच. बजाजची 'चेतक' आणि फिरोदियांची 'लूना', दोन्ही १९७२ च्या. म्हणजे आप्पा सायकल घेऊन पुण्यात आले, तेव्हा तिला बाजूला सारणाऱ्या गाड्या शेजारीच तयार होत होत्या. पण चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, म्हणून सायकल टिकली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, पुढे कर्जं सोपी झाली, आणि मी २००६ साली इंजिनिअरिंगला गेलो तोवर स्टँडवर मोटारसायकलींचा समुद्र होता. आमच्या सायकली कंपाउंडबाहेर लावायला सांगायचे. का, ते कुणीच सांगितलं नाही.

तरीही मी चार वर्षं सायकलच चालवली. खरं कारण पैसे. मित्रांना सांगायचं कारण पर्यावरण. २००८ च्या दिवाळीत आप्पांची एक जुनी गोष्ट आठवून पुणं ते वाई सायकलवर निघालो. आप्पा दर दिवाळीला असे घरी जात. पहाटे चारला निघायचं, जुना कात्रज घाट, शिरवळला भजी, मग खंबाटकी. मीही तेच केलं. खंबाटकीला तेव्हा साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना मात्र घाट चढावाच लागे. ट्रकच्या धुरात मी निम्मा घाट ढकलत चढलो. साधारण नव्वद किलोमीटरला साडेनऊ तास लागले. दारात आप्पांनी घड्याळ बघून फक्त एवढंच विचारलं, "पंक्चर झाली होती का?" झाली नव्हती. मी हो म्हणालो.

लांबचा पल्ला म्हटलं की मला मुंबईचे ते पारशी तरुण आठवतात. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहाजण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. बलुचिस्तान, इराण करत ते बगदादला आले आणि तिथून अलेप्पोपर्यंतचं वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत पार केलं. ते आपल्या कतारपासून बरंच वर, पण ऊन ओळखीचं! मे महिन्यात इथे पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालताना मी त्यांना मनोमन नमस्कार करतो.

आणि अलीकडचं नाव म्हणजे पुण्याची वेदांगी कुलकर्णी. इंग्लंडमध्ये बोर्नमथ विद्यापीठात शिकत असताना, विसाव्या वर्षी, तिने जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात केली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर करून डिसेंबरात कोलकाता गाठलं. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटली गेली, कॅनडात अस्वल मागे लागलं. ही हकिगत ऐकून आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "पोरीच्या आईबापाला झोप कशी लागली असेल?"

हे वाक्य त्यांनी माझ्या बायकोसमोर उच्चारलं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. कारण त्याच आठवड्यात आमच्या घरी वाद चालू होता. लेक दहा वर्षांची. तिच्याकडे माझ्या पहिल्या पगारापेक्षा महाग सायकल आहे. आम्ही ती गाडीच्या मागे बांधतो, ट्रॅकवर नेतो, ती दहा किलोमीटर चालवते, आम्ही सायकल परत बांधून घरी आणतो. शाळा बसने, क्लास गाडीने, मैत्रिणींकडे गाडीने, गंमत म्हणून ट्राम. सायकलवरून ती आजवर एकदाही *कुठे* गेलेली नव्हती. इथे सायकलवरून कामाला जाणारे नाहीत असं नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने, अंगात चकाकणारं जाकीट घालून, साध्या सायकलींवर जाणारे नेपाळी, बांगलादेशी, आपल्या केरळचे कामगार आपण रोज पाहतो. आप्पांनी त्यांना पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मला ते इतकी वर्षं दिसत होते, पण सायकलस्वार म्हणून मी त्यांना कधी मोजलं नव्हतं.

वाद असा होता: आमच्या इमारतींच्या आतल्या रस्त्याने चारशे मीटरवर ग्रोसरी आहे. लेकीला तिथे एकटीला सायकलवर जायचं होतं. बायको नाही म्हणत होती. खरं सांगतो, मीही तिच्याच बाजूने होतो. आप्पांनी वाद ऐकला, खिशातून पाच रियाल काढून नातीच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "कोथिंबीर आण. ताजी बघून."

ती निघाली. बायको बाल्कनीत, मी खाली दारात, आप्पा पेपर वाचत. मी घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटांचं काम, तिला एकोणीस मिनिटं लागली. कोथिंबीर हँडलला लटकत होती, निम्मी वाऱ्याने झडलेली.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"पंक्चर झाली होती," ती म्हणाली. दोन्ही टायरांत हवा टम्म होती.

आप्पांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.