जीएनएम झालंय, परदेशात नोकरी मिळेल का?

आष्टा : "डिग्री नाही, डिप्लोमा आहे, मग बाहेर घेतील का?" आष्टा-बागणी भागातल्या जीएनएम झालेल्या मुलींचा हा नेहमीचा प्रश्न. घेतात. फक्त महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी.

इंग्लंडसाठी आयईएलटीएसमध्ये लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ बँड लागतात. संगणकावरची परीक्षा भारतातच होते, प्रात्यक्षिक तिकडे. जर्मनीला जर्मन भाषाच हवी, तीही बी-२ पातळीपर्यंत. नुसत्या एएनएमवर नर्स म्हणून लागणं मात्र अवघड.

आखातात जायला प्रोमेट्रिक परीक्षा, डेटाफ्लोची पडताळणी आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव लागतो. खरी गाडी इथंच अडते. छोट्या दवाखान्यात राबायचं, पगार रोख, नेमणूकपत्र नाही. मग पडताळणीवाल्यांनी विचारल्यावर दाखवायचं काय? म्हणून नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, नोकरी सोडल्याचं पत्र आत्तापासूनच मागून घ्या.

आता एजंट. सौदी, कुवेतसह १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर पासपोर्ट ईसीएनआर असला तरी सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांची भाषा करणारा, किंवा "व्हिजिट व्हिसावर जा, कामाचा तिकडं करून देतो" म्हणणारा भेटला, तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पैसे त्यानंतर.